हे चुंबकी वेटोळं आपल्या एमआयडीसीत का नाही?

तारापूर, महाड, लोटे-परशुराम, कुरकुंभ, पाताळगंगा. औषधं, रंग, कीटकनाशकं यांच्यासाठी लागणारी, धंद्यात ज्यांना इंटरमिजिएट म्हणतात ती रसायनं या वसाहतींत बनतात. त्यांतल्या कितीतरी रसायनांच्या कृतीत एक पायरी हायड्रोजनेशनची असते. पोलादी ऑटोक्लेव्हमध्ये द्रावण भरायचं, त्यात रेनी निकेलची काळी भुकटी सोडायची, दाबाखाली हायड्रोजन द्यायचा आणि ढवळत राहायचं. रसायनाचं काम काही तासांत उरकतं. खरी कटकट त्यानंतर असते. ती भुकटी द्रावणातून गाळून काढावी लागते, आणि हे निकेल साधंसुधं नसतं. निकेल आणि ॲल्युमिनियमचा मिश्रधातू कॉस्टिक सोड्यात टाकून त्यातलं ॲल्युमिनियम विरघळवलं की मागे राहतो तो निकेलचा सच्छिद्र सांगाडा. त्या छिद्रांमुळेच तो इतका कामाचा असतो, आणि त्यांच्यामुळेच तो कोरडा झाला की हवेत आपोआप पेट घेतो. म्हणून त्याचे ड्रम येतात तेच पाण्याने भरलेले.

माझी उमेदीची बरीच वर्षं कोकणातल्या अशा एका प्लँटवर गेली. आमच्या शिफ्टला एक जुने ऑपरेटर होते, सगळे त्यांना मामा म्हणत. फिल्टर उघडायची वेळ आली की ते नव्या पोरांना बाजूला घेऊन सांगायचे, ‘ह्याला तहान लागू द्यायची नाही.’ आधी नायट्रोजन मारायचा, मग गाळून साठलेल्या भुकटीच्या थरावर, म्हणजे केकवर, पाणी सोडायचं, मग खोरं हातात घ्यायचं, आणि तेही लाकडी किंवा प्लास्टिकचं. एवढं करूनही पत्र्याच्या कडेला चिकटून राहिलेलं चिमूटभर निकेल लाल होऊन चमकलेलं मी पाहिलं आहे. आजूबाजूला सॉल्व्हंटची वाफ असते. त्या क्षणी मामांच्या हातात नळी असायची, म्हणून पुढचं काही घडलं नाही. सुरक्षेचा सगळा भार असा एका माणसाच्या सवयीवर टाकून आपण कारखाने चालवतो, हे मला तेव्हाही पटत नव्हतं आणि आजही पटत नाही.

म्हणून आज हा लेख. निकेल रिॲक्टरच्या बाहेर येऊच न देता सतत काम करवून घ्यायची एक रीत आहे. नळीसारख्या रिॲक्टरभोवती तांब्याच्या तारेचं वेटोळं गुंडाळायचं, त्यातून वीज सोडायची आणि आतले धातूचे कण चुंबकीय क्षेत्रात तरते ठेवायचे. यातलं विज्ञान जुनं आहे, तपासलेलं आहे आणि एका देशात तरी ते मोठ्या कारखान्यात उतरलेलं आहे. आपल्याकडच्या वसाहतींना ते विशेष लागू पडतं. तरीही इथे त्याची साधी चाचणी घ्यायची सोय नाही, ही माझी तक्रार आहे.

हे समजून घ्यायला आधी तरता थर म्हणजे काय ते पाहू. इंजिनीयर त्याला फ्लुइडाइज्ड बेड म्हणतात. उभ्या नळकांड्यात बारीक वाळू भरा आणि खालून हवा सोडा. हवा कमी असली तर ती कणांच्या फटींतून निघून जाते, वाळू जागची हलत नाही. वेग वाढवत नेला की एका ठरावीक वेगाला हवेचा वर ढकलणारा जोर वाळूच्या वजनाइतका होतो. तिथून पुढे वाळू द्रवासारखी वागू लागते. हलकी वस्तू तिच्यावर तरंगते, जड वस्तू बुडते, बाजूला भोक पाडलं तर वाळू धारेने बाहेर पडते. वेग आणखी वाढवला की मात्र थर शेगडीवरच्या पिठल्यासारखा रटरटू लागतो. तळातून बुडबुडे उठतात, वर जाताना एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि पृष्ठभागावर फुटून कण उडवतात.

या रटरटण्यावर विसाव्या शतकातले फार मोठे उद्योग उभे राहिले. जर्मनीत फ्रिट्झ विंकलरने कोळशापासून वायू करण्यासाठी हा थर वापरला. त्याचा पहिला मोठा संच १९२६ मध्ये लॉयना इथे चालू झाला. १९४२ च्या मे महिन्यात अमेरिकेत बॅटन रूज इथे जड तेलाचं पेट्रोल करणारा पहिला फ्लुइड कॅटॅलिटिक क्रॅकर सुरू झाला. त्यामागे एमआयटीतल्या वॉरन लुइस आणि एडविन गिलिलँड यांचं काम होतं. आपल्या माहुलच्या रिफायनऱ्यांत जे ‘कॅट क्रॅकर’ आहेत ते त्याच कुळातले. मुंबईकराच्या गाडीतल्या पेट्रोलचा मोठा वाटा अशा तरत्या थरातून येतो, हे फार थोड्या लोकांना ठाऊक असतं.

पण बुडबुड्याचा एक दोष आहे. बुडबुड्यात असलेला वायू कणांना न भेटताच वर निघून जातो. म्हणजे ज्याच्यावर प्रक्रिया व्हायला हवी तोच कच्चा माल कोरा बाहेर पडतो. शिवाय सगळा थर वरखाली घुसळला गेल्याने तयार झालेला आणि न झालेला माल एकत्र होतो. कण एकमेकांवर घासून झिजतात आणि त्यांची धूळ बाहेर उडते. याहून वाईट म्हणजे, प्रयोगशाळेतल्या चार बोटं रुंद नळीत बुडबुडे लहानच राहतात, पण कित्येक फूट रुंद रिॲक्टरमध्ये ते हवे तेवढे वाढतात. टेक्सासमधल्या ब्राउन्सव्हिल इथे १९५० मध्ये नैसर्गिक वायूपासून पेट्रोल करणारा कारखाना लोखंडाच्या उत्प्रेरकाच्या तरत्या थरावर उभारला होता. लहान संचातले आकडे मोठ्या संचात मिळाले नाहीत. दुरुस्त्या करत करत तो कसाबसा चालला आणि १९५७ मध्ये बंद पडला. केमिकल इंजिनीयरिंगच्या वर्गात हे उदाहरण आजही सांगतात, आणि ते सांगायलाच हवं.

बुडबुडा उठूच नये यासाठी चुंबक वापरण्याची कल्पना रिफायनऱ्यांच्या देशांत जन्मली नाही. १९६० च्या सुमारास लाटव्हियात फिलिपोव्ह या शास्त्रज्ञाने लोखंडी कणांच्या तरत्या थरावर चुंबकीय क्षेत्र लावून पाहिलं. पुढे बल्गेरियातल्या संशोधकांनी अमोनियाच्या लोखंडी उत्प्रेरकावर हेच केलं. अमेरिकेत एक्सॉनच्या रोनाल्ड रोझेन्स्वाइग यांनी त्याचा पाया पक्का केला. चुंबकाला ओढले जाणारे द्रव, म्हणजे फेरोफ्लुइड, हा त्यांचा आधीचा विषय. १९७९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यांनी दाखवून दिलं की क्षेत्र एकसारखं असेल आणि वायूच्या प्रवाहाच्याच दिशेने असेल, तर थर फुगतो, द्रवासारखा वाहतो, पण त्यात बुडबुडे उठत नाहीत.

यातलं मर्म ‘चुंबक कणांना ओढून धरतो’ असं नाही. सर्वत्र सारखं असलेलं क्षेत्र कणाला कोणत्याच बाजूला ओढत नाही. ते फक्त प्रत्येक कणाला चिमुकला चुंबक बनवतं. मग एकाच्या उत्तर ध्रुवाशी दुसऱ्याचा दक्षिण ध्रुव जुळतो, क्षेत्राच्या दिशेने कणांच्या उभ्या माळा तयार होतात, आणि शेजारच्या माळा एकमेकींना दूर ठेवतात. कुठे पोकळी वाढू लागली की माळांची ही ओढाताण तिला वाढू देत नाही. एवढ्यासाठी प्रचंड चुंबकही लागत नाही. इस्पितळातल्या एमआरआय यंत्राचं क्षेत्र साधारण दीड टेस्ला असतं. इथे त्याच्या पन्नासाव्या हिश्शाने काम होऊ शकतं. उलट क्षेत्र फार वाढवलं तर माळा गच्च होऊन सगळा थर एका ढेकळासारखा आवळतो आणि वायू फटी पाडून पळतो. म्हणजे वेग आणि क्षेत्र यांची जोडी एका ठरावीक पट्ट्यात राखावी लागते. ती राखली की दोन्हीकडचं चांगलं ते मिळतं. घट्ट भरलेल्या थरात वायू शिस्तीत, मागचा पुढच्यात न मिसळता जातो, ते इथे मिळतं. आणि घट्ट थरात वेगाबरोबर दाबाचा खर्च वाढत जातो, तो मात्र इथे थराच्या वजनापाशीच थांबतो. शिवाय जुना उत्प्रेरक खालून काढून नवा वरून घालता येतो, तेही काम न थांबवता.

मग ही पद्धत रिफायनऱ्यांत का रुजली नाही? मी उमेदवारी केली ती एका रिफायनरीच्या कॅट क्रॅकरवर, त्यामुळे याचं उत्तर मला आकड्यांतून दिसतं. तिथला उत्प्रेरक झिओलाइटचा, चुंबकाशी त्याला काही देणंघेणं नाही. त्यात लोखंडाचा चुरा मिसळावा म्हटलं तर वापरलेला उत्प्रेरक पुन्हा ताजा करणाऱ्या रीजनरेटरचं तापमान ७०० अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. प्रत्येक चुंबकी पदार्थाला एक मर्यादा असते, तिला क्युरी तापमान म्हणतात. त्यापुढे त्याचं चुंबकत्व संपतं. लोखंडाचं ७७०, मॅग्नेटाइटचं ५८५ च्या आसपास, निकेलचं तर जेमतेम ३५८. रिॲक्टर कित्येक मीटर रुंद, त्याच्याभोवती वेटोळं गुंडाळायचं तर तांबं आणि वीज दोन्हींचा खर्च छाती दडपवणारा. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे तिथे बुडबुडे हवेच असतात. त्यांच्या घुसळणीमुळेच उष्णता सगळीकडे सारखी पसरते. घुसळण थांबवली तर एखादी जागा भडकून उत्प्रेरक जळेल. रिफायनऱ्यांनी चुंबक नाकारला तो हिशेब करून, आणि तो हिशेब बरोबर होता.

चूक झाली ती त्यापुढे. रिफायनरीला नको म्हणजे कुणालाच नको, असं धरून आपण विषय पुस्तकात मिटून ठेवला. चीनने तसं केलं नाही.

मिन एन्झे हे चीनचे उत्प्रेरक-रसायनतज्ज्ञ. १९५१ मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठातून डॉक्टरेट घेतली आणि काही वर्षांत ते मायदेशी परतले. ऐंशीच्या दशकात सिनोपेकच्या पेट्रोलियम संशोधन संस्थेत त्यांच्या गटाने निकेलच्या एका नव्या मिश्रधातूवर काम सुरू केलं. वितळलेला धातू इतक्या झपाट्याने थंड करायचा की अणूंना रांगेत बसायला सवड मिळू नये, आणि मग रेनी निकेलसारखंच त्यातलं ॲल्युमिनियम कॉस्टिकने काढायचं. उत्प्रेरक चांगला निघाला. तो वापरायचा कुठे, या प्रश्नावर त्यांनी जुन्या निबंधांतला चुंबकी थर बाहेर काढला आणि दोन्हींची सांगड कॅप्रोलॅक्टमच्या शुद्धीकरणाशी घातली.

कॅप्रोलॅक्टम म्हणजे नायलॉन-६ चा कच्चा माल. आपल्या कोळी बांधवांच्या जाळ्यांतला नायलॉन त्यातूनच येतो. त्यात नको असलेली असंतृप्त संयुगं नावापुरती जरी राहिली तरी धागा पिवळा पडतो. शुद्धता तपासायला द्रावणात पोटॅशियम परमँगनेट टाकून त्याचा जांभळा रंग किती वेळ टिकतो ते मोजतात. ती नको असलेली संयुगं हायड्रोजन देऊन मारायची असतात. पूर्वी हे काम ढवळत्या टाकीत रेनी निकेल घालून होई आणि मागे गाळण्याचं लचांड असे. आता तेच द्रावण हायड्रोजन विरघळवून चुंबकी थरातून खालून वर सोडलं जातं. इथे प्रत्येक गोष्ट जुळून येते ती पाहा. तापमान १०० अंशांच्या आसपास, म्हणजे निकेलच्या ३५८ पासून पुष्कळ दूर. उत्प्रेरक स्वतःच चुंबकी, वेगळा चुरा मिसळायला नको. अशुद्धी थोडी, त्यामुळे उष्णता थोडी, आणि तीही द्रावण घेऊन जातं. रिॲक्टर आटोपशीर, म्हणून वेटोळंही आटोपशीर. आणि एरवी द्रावणाच्या वेगाने वाहून गेला असता असा बारीक कण क्षेत्रामुळे जागच्या जागी राहतो, गाळणीच लागत नाही. या कामाला २००५ चं तंत्रशोधाचं राष्ट्रीय प्रथम पारितोषिक मिळालं. मिन यांना २००७ चा त्या देशाचा सर्वोच्च विज्ञान पुरस्कार मिळाला तेव्हा त्यांचं वय ऐंशीच्या पुढे होतं. उत्प्रेरकाची पहिली चाचणी ते चालता कारखाना यांत विसेक वर्षं गेली, आणि तेवढी वर्षं कुणीतरी त्या गटाच्या पाठीशी उभं राहिलं.

आता आपल्याकडे पाहा. रेनी निकेल, शंभर-दीडशे अंश तापमान, द्रवरूप माल, लहान आकाराचे रिॲक्टर: आमच्या लोट्याच्या, तारापूरच्या हायड्रोजनेशनचं हेच वर्णन आहे. बुद्धीचीही वानवा नाही. माटुंग्याच्या आयसीटीत, म्हणजे आमच्या जुन्या यूडीसीटीत, वायू-द्रव-घन अशा तीन अवस्थांच्या रिॲक्टरवर जगाने दखल घ्यावी असं काम झालं. एल. के. दोराईस्वामी आणि एम. एम. शर्मा यांचा या विषयावरचा ग्रंथ १९८४ साली आला आणि तो देशोदेशी शिकवला गेला. पुण्याच्या एनसीएलमध्ये उत्प्रेरक बनवणारे लोक आहेत. पण काचेच्या नळीतला प्रयोग आणि कारखान्यातला रिॲक्टर यांच्या मधली पायरी, दिवसाला काही शे लिटर द्रावण घेणारा पायलट प्लँट, ती कुणाची जबाबदारी आहे? प्राध्यापकाचा निबंध नळीवरच छापून होतो. कारखानदाराला महिनाअखेरीचा माल काढायचा असतो, त्याने एकट्याने हा धोका का पत्करावा?

विदर्भातल्या एका गोष्टीकडेही याच नजरेने पाहायला हवं. चंद्रपूर-वणीकडच्या कोळशात राखेचं प्रमाण मोठं. तो पाण्याने धुवायचा तर पाणी लागतं आणि मागे गाळाची तळी उरतात. मॅग्नेटाइटच्या भुकटीचा तरता थर केला तर त्याची घनता कोळसा आणि दगड यांच्या मध्ये आणता येते. कोळसा वर तरंगतो, दगड तळाला बसतो, पाण्याचा थेंबही लागत नाही. थरात बुडबुडे असले की ही निवड बिघडते, आणि तिथे चुंबकीय क्षेत्र कामाला येतं. चीनने १९९० च्या दशकातच तासाला ५० टन कोळसा घेणारा कोरडा संच चालवून दाखवला. आपण २०२० मध्ये दूरच्या वीजकेंद्रांना ३४ टक्क्यांहून कमी राखेचाच कोळसा पाठवण्याची अट काढून टाकली. अट काढणं सोपं होतं, पण राख कुठे गेली नाही. हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

माझी मागणी छोटी आणि नेमकी आहे. एमआयडीसीच्या वसाहतींत सांडपाण्यासाठी सामायिक प्रक्रिया केंद्रं, सीईटीपी, उभी राहिली, कारण एकेका लहान कारखान्याला ते झेपणारं नव्हतं. तसाच हायड्रोजनेशनचा एक सामायिक पायलट प्लँट एका वसाहतीत उभा करावा. जागा एमआयडीसीने द्यावी, उभारणीचा निम्मा खर्च शासनाने उचलावा, उरलेला उद्योजकांच्या संघटनेने, आणि रोजचं चालवणं आयसीटी किंवा एनसीएलच्या माणसांकडे द्यावं. कारखानदाराने आपलं द्रावण टँकरने आणावं, आठवडाभर चालवून पाहावं, आकडे घेऊन जावेत. केंद्राने २०२५ मध्ये संशोधन आणि नवोन्मेषासाठी १ लाख कोटी रुपयांची योजना मंजूर केली. त्यातल्या पैशाचं तोंड सेमीकंडक्टर आणि क्वांटमकडे वळणार हे उघड आहे, आणि ती क्षेत्रंही हवीच आहेत. पण लाखो लोकांची पोटं ज्या कारखान्यांवर आहेत त्यांतली फिल्टरवरची आग विझवणं हेही विज्ञानाचंच काम आहे, आणि त्याला लागणारी रक्कम त्या आकड्यापुढे मोजण्यासारखीही नाही.

संच कसा असावा तेही सांगते. वीतभर व्यासाची, तीनेक मीटर उंच नळी. ती स्टेनलेस ३१६ चीच हवी, कारण साधं पोलाद स्वतःच चुंबकी असल्याने क्षेत्र गिळतं आणि आत काही पोहोचत नाही. भोवती एकाखाली एक अशी अनेक वेटोळी, म्हणजे क्षेत्र वरपासून खालपर्यंत सारखं राहील. वेटोळी थंड ठेवायला पाणी. वीज गेली तर क्षेत्रही जातं आणि निकेल द्रावणाबरोबर बाहेर धावतं, म्हणून बॅटरीचा आधार आणि बाहेरच्या तोंडाला एक राखीव गाळणी. येणारं प्रत्येक निकेल आधी चुंबकत्वासाठी तपासायचं. त्यात ॲल्युमिनियम किती उरलंय यावर त्याचं चुंबकत्व ठरतं आणि प्रत्येक पुरवठादाराचा माल सारखा नसतो.

सुरुवात नायट्रो संयुगांपासून मुळीच करू नये, कितीही मोह झाला तरी. नायट्रो गटाचं अमाइन होताना मोलमागे सुमारे ५०० किलोज्यूल उष्णता सुटते, आणि शांत ठेवलेल्या थराला ती वेगाने बाहेर काढता येत नाही. पहिलं वर्ष फक्त पॉलिशिंगला द्यावं: रंग घालवणं, उरलेसुरले दुहेरी बंध संपवणं, जिथे हायड्रोजन थोडा लागतो आणि ताप थोडा होतो. त्या वर्षाचे आकडे हाती आले की नायट्रोचं द्रावण चांगलं पातळ करून, तयार मालाचा काही भाग परत फिरवून, दुसऱ्या वर्षी घ्यावं. आणि पहिल्या दिवसापासून त्या संचावर प्रयोगशाळेच्या पोरांबरोबर एखादा फिल्टरवर वर्षं काढलेला ऑपरेटर पगारी नेमावा. कोणत्या झडपेपाशी निकेल साचून वाळेल, हे ड्रॉइंग पाहून तो आधी सांगेल.